मधल्या टेबलावर सुभद्रा

दर्यापूरकडची शेती बटाईनं देऊन जानराव आणि भगवंत हे दोघे भाऊ अकोल्याला आले आणि जठारपेठेत त्यांनी हॉटेल टाकलं. पाटीवर 'वऱ्हाड विश्रांती गृह' असं लिहिलेलं असलं तरी लोक त्याला जानरावचं हॉटेलच म्हणत. पुढे हॉटेल, मध्ये अंगण आणि मागे राहतं घर. थोरला जानराव गिऱ्हाइकांशी बोलायचा, धाकटा भगवंत गल्ल्यावर बसायचा. मागच्या घरात दोघांच्या बायका, जानरावची आशाबाई आणि भगवंताची सुभद्रा.

हॉटेलातली भाजी-पोळी जशी सगळीकडे मिळते तशीच होती. लोक यायचे ते कोशिंबिरीसाठी, आणि ती कोशिंबीर सुभद्रेच्या हातची होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिने नवऱ्याच्या जेवणाला काकडी चोचवून, दाण्याचा कूट आणि लिंबू घालून एक वाटी पुढे पाठवली होती. शेजारी बसलेल्या एका वकिलाने ती चाखली आणि दुसऱ्या दिवशी मागून खाल्ली. तेव्हापासून रोज सकाळी अंगणात टोपलं यायचं आणि सुभद्रा विळी घेऊन बसायची. हिवाळ्यात दह्यातला किसलेला मुळा, वर मिरचीची फोडणी. कधी कांद्याची पात आणि भिजवलेली मुगाची डाळ. भेदरं स्वस्त झाली, म्हणजे टमाट्यांचा ढीग लागला की, ती कांद्यासोबत बारीक चिरून वरून मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. कैऱ्या आल्या की गूळ घालून कैरी-कांदा. यात अवघड काहीच नव्हतं. मीठ कधी घालायचं आणि दही किती वेळ आधी काढायचं, एवढं कळलं की झालं. पण ते तिला कळत होतं, आणि पाच वर्षं भरलेलं पातेलं मागच्या दाराने पुढे जात होतं. ती स्वतः मात्र हॉटेलच्या पुढच्या भागात कधी बसली नव्हती. घरच्या बाईने तिथं काय बसायचं, असा प्रश्नही कुणाला पडला नव्हता. तिलाही नाही.

तो पडला अमरावतीला. मामेबहिणीच्या लग्नाला ती गेली होती, तेव्हा शाळेतली मैत्रीण तारा भेटली. तारा आता मुलींच्या शाळेत शिकवत होती. राजकमल चौकाजवळच्या एका कॉफीच्या हॉटेलात ती सुभद्रेला घेऊन गेली. संगमरवरी टेबलं, उघड्या खिडक्या, आणि एका कोपऱ्यात ताराच्या शाळेतल्या तीन बाया मोठ्याने हसत बसलेल्या. कुणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं. पाटीवर 'सॅलड' असं लिहिलेलं पाहून ताराने ते मागवलं. आल्या त्या काकडीच्या आणि भेदरांच्या चकत्या, वर मीठ आणि मिरपूड. सुभद्रेला हसू आलं. हे तर नुसतं चिरलंय, केलंय काय यात, असं ती म्हणाली. तारा म्हणाली, निदान त्यांनी पाटीवर लिहिलंय तरी. सुभद्रेने टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि रस्त्यावरची माणसं बघत राहिली. असं बसणं तिला फार आवडलं.

फेब्रुवारीत तारा शिक्षकांच्या शिबिरासाठी अकोल्याला आली. तुझ्या हॉटेलात ने, तुझी कोशिंबीर तिथं बसून खायची आहे, असं तिने म्हटलं. सुभद्रेने चांगलं लुगडं नेसलं आणि दोघी अंगणातून न जाता रस्त्याने, पुढच्या दाराने आत शिरल्या.

दुपारची गर्दी अजून होती. मधलं एक टेबल रिकामं होतं. सुभद्रा खुर्चीला हात लावते तोच नत्थुजी वाढपी लगबगीने आला. त्याने मान खाली घालून सांगितलं की, मोठे मालक म्हणतात, बाया आत बसतात.

आत म्हणजे पडद्याआड. हात धुण्याच्या मोरीला लागून एक खोली होती. तेलकट झालेला फुलांचा पडदा, एक डुगडुगतं टेबल आणि भिंतीला लावलेली कांद्याची पोती. सुभद्रेने गल्ल्याकडे पाहिलं. भगवंतानेही तिच्याकडे पाहिलं, आणि तो ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला. पाहुणीसमोर तमाशा नको म्हणून ती पडद्याआड गेली. ताराने नाकाला पदर लावला.

ताटं आली. मुळ्याची कोशिंबीर, सकाळी सुभद्रेनेच केलेली. तारा पहिला घास घेऊन छान म्हणते न म्हणते तोच पडद्यापलीकडून त्याच वकिलांचा आवाज आला. ते जानरावला विचारत होते, ही कोशिंबीर करतं तरी कोण. नागपूरला फिरलो, पण अशी कुठे मिळाली नाही.

जानरावने मोकळ्या गळ्याने सांगितलं की, त्याने इंदूरहून एक आचारी आणला होता. त्याच्याकडून सगळं समजून घेतलं आणि आता रोज स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतो.

सुभद्रेचा घास हातातच राहिला. भाऊजी फुशारक्या मारतात, हे तिला माहीत होतं. वकिलांनी आता गल्ल्याकडे वळून विचारलं, "काय भगवंतराव, खरं का?"

आणि भगवंत म्हणाला, "हो तं. दादाचीच नजर असते."

भाऊजी बोलले ते तिने कसंबसं गिळलंही असतं. पण भगवंत रोज सकाळी अंगणात तिच्यासमोर पाटावर बसून चहा प्यायचा. मुळा किसताना तिची बोटं सोलली, तेव्हा त्यानेच हळद लावून दिली होती. ताराने तिचा हात धरला. तो सोडवून घेऊन ती उठली, पडदा बाजूला सारला आणि मधल्या टेबलाशी जाऊन बसली.

हॉटेलातली बोलणी एकदम थांबली. कापसाचे दोन दलाल होते, ते खाता खाता बघत राहिले. तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिने सावरला नाही. नत्थुजीला तिने दोन चहा आणायला सांगितलं, आणि माह्या मैत्रिणीलेही इथंच बोलवा, असं म्हटलं.

जानराव चार पावलांवर येऊन उभा राहिला. तिच्याकडे न बघता तो भावाला म्हणाला, "भगवंता, हिले घरी ने."

भगवंत आला. चाल, असं त्याने हळूच म्हटलं.

"कोशिंबीर मी करतो," सुभद्रा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी मोरीपर्यंत ऐकू गेला. "तो इंदूरचा आचारी म्हंजे मी. सांगा त्याईले."

"घरी बोलू."

"घरी तं रोजच बोलतो. इथं सांगा."

भगवंत फरशीकडे बघत उभा राहिला. वकिलांनी चमचा ताटात ठेवला आणि तेही दुसरीकडे पाहू लागले. तारा पडद्याबाहेर येऊन सुभद्रेसमोर बसली. नत्थुजी रिकामा ट्रे धरून मालकाच्या तोंडाकडे बघत होता आणि मालक मान हलवत नव्हता. चहा आला नाही. दोघी बराच वेळ तशाच बसल्या आणि शेवटी आपल्या आपण उठून पुढच्या दाराने निघून गेल्या.

ताराला शिबिराकडे पोचवून सुभद्रा घरी आली, तर आशाबाई तोंड सोडूनच उभी होती. तिच्या मते सुभद्रेने घराण्याची इज्जत चव्हाट्यावर मांडली होती, भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, उघड्या डोक्याने बसली होती आणि परक्या बाईच्या नादी लागली होती. सुभद्रा उत्तर द्यायला गेली असती तर हातातला तांब्या भिंतीवर गेला असता, एवढा राग तिच्या अंगात होता. तिने अंगण झाडलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, आणि विळी धुऊन, पुसून फडताळात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी टोपलं आलं आणि तसंच पडून राहिलं. मुळ्यांचा पाला उन्हात मलूल झाला. आशाबाईने घाईघाईने काहीतरी केलं, पण मुळा पिळला नाही आणि दह्यात मीठ फार आधी घातलं. पातेलं पुढे जाईपर्यंत दह्याचं पाणी पाणी झालं आणि वाट्या तशाच परत आल्या. मग ताटात कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड जाऊ लागली. वकिलांनी दोन दिवस पाहिलं आणि ते येईनासे झाले.

जानरावने आशाबाईच्या तोंडून निरोप पाठवला की, झालं गेलं विसरून जा. सुभद्रेने उलट निरोप दिला की, मले काही नको, हॉटेलात उभं राहून वकिलाले खरं काय ते सांगा. हे ऐकून जानराव भडकला. बायकांच्या सांगण्यावरून गिऱ्हाइकासमोर खोटा पडण्यापेक्षा मी हॉटेलाले कुलूप लावीन, असं तो अंगणात उभा राहून म्हणाला. ती आत भाकरी थापत होती. त्या दिवशीच्या भाकरी थापून थापून काठाला फाटल्या.

घरच्या ताटातही कोशिंबीर बंद झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी भगवंताने वरण-पोळीकडे पाहून विचारलं, "मले काहून नाई?"

"दादाची हाये म्हणलं तुमी. दादाले मागा."

तो वरण-पोळी संपवून उठला. तिची समजूत काढायला त्याने बरंच केलं. एकदा बाजारातून चांगली जांभळी वांगी आणली, एकदा दर्यापूरला माहेरी जाऊन ये म्हणाला. दादाशी बोलतो, असं मात्र एकदाही म्हणाला नाही. ती वाट बघत होती ती तेवढ्याचीच, आणि रोज संध्याकाळी तो अंगणातून येताना दिसला की तिचा राग नव्याने पेटायचा.

तेवढ्यात टिळक रोडवर एक नवं हॉटेल निघालं. तिथं बायका-मुलं सगळी एकत्रच बसत. दुकानदार आपली कुटुंबं घेऊन तिकडे जाऊ लागले. जानराव हुशार होता. त्याने पडदा काढला, कांद्याची पोती हलवली, भिंतींना फिका निळा रंग दिला आणि बाहेर नवी पाटी लावली: महिलांसाठी खुली बैठक. वकिलांच्या बायकोच्या हातून फीत कापायचं ठरलं. सुभद्रेला त्याने नवं लुगडं पाठवलं आणि त्या दिवशी येताना कोशिंबीर घेऊन ये, असा निरोप दिला.

लुगडं तिने घडी न मोडता आशाबाईकडे दिलं. समारंभाला गेली ती रोजच्याच लुगड्यात आणि रिकाम्या हाताने. पुढच्या दाराने आत जाऊन मधल्या टेबलाशी बसली. जानरावने भाषण केलं. काळ बदलला आहे, घरातली बाई ही लक्ष्मी आहे, तिला मान दिला पाहिजे, असं तो म्हणाला. नाव कुणाचंच घेतलं नाही. टाळ्या झाल्या. भगवंतही टाळ्या वाजवत होता.

सुभद्रा उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली.

"वकीलसाहेब, पाच वर्षं तुमी जे खाल्लं ते माह्या हातचं हाये. इंदूरचा कोणी आचारी नव्हता. याईनं सांगाले पायजे होतं, सांगतलं नाई, म्हणून मीच सांगतो."

वकील ओशाळले. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. त्यांच्या बायकोने मात्र आपली खुर्ची ओढून सुभद्रेच्या शेजारी आणली आणि मुळ्याचा उग्रपणा कसा घालवता, असं विचारलं. सुभद्रेने सांगितलं की, किसून थोडा वेळ नुसतं मीठ लावून ठेवायचा, पिळायचा आणि मग दह्यात टाकायचा. जानराव दारात उभा राहून लोकांना पानसुपारी देत होता. त्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता, पण एवढ्या लोकांत त्याला काही बोलता येत नव्हतं.

घरी येताना अंगणात भगवंताने तिला गाठलं. "झालं ना आता मनासारखं?"

"तुमी सांगतलं असतं तं झालं असतं."

तो म्हणाला, "मले दादासमोर बोलता येत नाई. लहानपणापासून येत नाई. तुले माईत हाये."

"माह्यासमोर खोटं तं बोलता आलं."

ती आत गेली आणि चूल पेटवायला बसली. वाटलं होतं, सगळ्यांसमोर बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. जे दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं ते स्वतःच बोलावं लागलं, याचा राग आधीच्या रागात मिळाला होता.

हॉटेलसाठी तिने त्यानंतर विळी हातात घेतली नाही. जानरावने गंगूबाई नावाच्या बाईला कामावर ठेवलं. तिची कोशिंबीर आंबट व्हायची. हॉटेल काही त्यामुळे बंद पडलं नाही. लोक कुरकुरत का होईना, जे मिळेल ते खात राहिले, वकीलही पुन्हा येऊ लागले. दर गुरुवारी सुभद्रा दुपारचं काम आटोपून पुढच्या दाराने जायची आणि खिडकीजवळ तास-अर्धा तास बसायची. जानराव तेवढ्यापुरता बाहेर निघून जायचा. महिनाभराने एकदा आशाबाई हात पुसत तिच्या मागोमाग आली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि इथं वारा चांगला येते, एवढंच म्हणाली.

त्याच गुरुवारी, आशाबाई उठून गेल्यावर, भगवंत गल्ल्याला कुलूप लावून आला. दोघे दलाल बसलेले होते, नत्थुजी बघत होता, आणि जानराव नेमका दारातून आत येत होता. भावाला समोर पाहून भगवंत अडखळला. मग त्याने सुभद्रेसमोरची खुर्ची ओढली आणि तो बसला. तिने बसा म्हटलं नाही आणि उठाही म्हटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली.