उशाशी ठेवलेला शर्ट

"शर्ट धुवाय नको टाकू रं. हितंच उशाशी ठेव," सुमित्राबाई म्हणाल्या.

नामा हसला. म्हाताऱ्या आईचा हा हट्ट आता रोजचाच झाला होता. कारखान्यातून आलं की अंगातला घामेजलेला शर्ट तिच्या उशाशी ठेवायचा.

"काय करतेस त्याचा?"

"बिस्कुटावानी वास येतो. बरं वाटतं."

येत असेल. रबाळ्याच्या त्या कारखान्यात भाताच्या कोंड्यातून काढलेलं द्रव्य टाक्यांत सोडत. तिथे जिवाणू आपल्या एन्झाइमांनी त्याचा व्हॅनिला करत, आइस्क्रीमवाल्यांसाठी. टाकीत परका जिवाणू शिरला की आधी वास बदलतो, आणि तो वास घेणं हेच नामाचं काम. करावे गावात त्याची सगळी मिजास त्या नाकावर होती.

पण दिवाळीनंतर एक ताप आला आणि नाक मेलं. ना फोडणी कळे, ना फिनेल. त्याने बायकोलाही सांगितलं नाही. नमुन्याची बाटली आली की तो हाताखालच्या कृष्णातला म्हणायचा, "आधी तू घे, शीक जरा." मग कृष्णातचं तोंड बघून आपण मान डोलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्या लेकीचं लग्न होईपर्यंत तरी ती उघडायची नव्हती.

त्यात आईचा खुबा मोडला आणि ती खाटेला खिळली. बायको मालती धाकटीला घेऊन मोठ्या लेकीच्या बाळंतपणाला कामोठ्याला गेलेली. नामा आईला भरवायचा, तोंड पुसायचा, मान फिरवून तिच्याखाली भांडं सरकवायचा. पाठीला मात्र ती हात लावू देत नसे. "तू बाप्या मानूस. मालती आली का बगंल ती." लेकाने आईचं अंग उघडं करावं हे नामालाही पटत नव्हतं. तो मुकाट्याने खाटेला टेकून जेवायचा, तिच्याशी गप्पा मारायचा. इतक्या वर्षांत एवढा आईजवळ तो कधी बसला नव्हता, आणि त्याला ते मनापासून आवडत होतं.

रविवारी दुपारी मालती एकटीच परतली. उंबऱ्यातच थबकली आणि तिने पदर नाकाला लावला.

"अवो, काय मेलंय घरात?"

नामाच्या हातात घास होता. मालतीने पिशवी टाकली, सासूला कुशीवर वळवलं आणि ती किंचाळली. कमरेखाली मांस काळं पडून सडलं होतं. मूठ जाईल एवढी जखम.

"येवढ्या वासात जेवता तरी कसं तुमी?"

नामाने हातातला घास ताटात ठेवला. बोलली ती म्हातारीच.

"त्याला नको बोलू. त्याला वास नाय येत. बोंबील करपून कोलसा झालं, ह्यो बाजूला बसून व्हता. तवाच कललं मना."

"मंग तुमी तरी सांगायचं ना, आई! शेजारनीला हाक मारायची!"

"ती आली का इचारनार, लेकाला वास कसा नाय आला? गावभर झालं असतं. त्याची रोजी नाकावर हाय, बाय." तिने डोळे मिटले. "माजा वास मलाच सोसंना झाला, म्हनून शर्ट घ्यायची तोंडावर."

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी ती गेली. "घरात कोणाला वास नाही आला?" डॉक्टरांनी विचारलं. मालती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी गावाला व्हते, साहेब."

बारावं झालं. नामाची नोकरी शाबूत होती.

मालतीने खाट बाहेर काढली, गोधड्या जाळायला दिल्या. शर्ट तेवढा हातात धरून ती उभी राहिली.

"कसला वास हाय त्याला?" नामाने विचारलं.

तिने शर्ट नाकाजवळ नेला. "आईंचा," ती म्हणाली.

नामाने तो घेतला, तोंडावर दाबला आणि छाती फुटेस्तोवर श्वास ओढला. नुसतं कापड होतं.

मग मोरीत बसून त्याने तो स्वतःच्या हाताने धुतला. सकाळी पहिली पाळी होती.