मी पुसलेला फोटो

मित्रांनो, सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या एका फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर, टीव्हीखाली एक खण आहे. तुटके चार्जर, सुकलेली पेनं आणि वॉरंटी संपलेल्या वस्तूंची कार्डं यांच्या सोबतीने तिथे पडलेला जुना डिजिटल कॅमेरा म्हणजे मी. तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी ही कहाणी सांगत नाही. मला माझीच शिसारी आली आहे आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. शिरीषने मला सिंगापुरात आणलं तेव्हा घरात माझं कोण कौतुक! शिरीष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्याची बायको साधना अकाउंटंट आणि त्यांची मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची. दसऱ्याला साधनाने मला लॅपटॉपशेजारी पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू माझ्या बटणाच्या फटीत शिरलं आणि तेव्हापासून बटण जरा अडकत दाबलं जातं. तरी मी खूश होतो, कारण आपण जग बघणार असं मला वाटत होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत होती.

जग काय बघतो कपाळ! शिरीषचा एक नियम होता. ज्या फोटोत घरचं माणूस नाही तो फोटो वाया गेला.

"नुसती इमारत काय काढायची?" तो म्हणायचा. "ती पोस्टकार्डावर मिळते. तिथे आपण दिसलो पाहिजे!"

दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये, इराच्या शाळेला सुट्टी असताना, बँकेने शिरीषला ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं. मायलेकीही बरोबर गेल्या. शेवटचे दोन दिवस चार्ल्स्टन नावाच्या जुन्या दक्षिणी शहरासाठी राखून ठेवले होते. दोन दिवसांत सतरा ठिकाणं! त्या यादीवर शिरीष एकेक टिक करत होता. चर्चच्या कळसाखाली दोघं, तोफेवर इरा, घोडागाडीत तिघं. बाकरवडी खाल्लेल्या बोटांनी मला धरायचे, त्यामुळे निम्मं शहर मी तेलातून पाहिलं. त्याचंही मला एवढं वाटलं नसतं. पण पूर्वी जिथे माणसांचा लिलाव व्हायचा त्या जागेसमोर शिरीषने बायकोला उभं केलं आणि म्हणाला, "साधना, स्माईल!" साधना हसली, मी टिपलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. कॅमेऱ्याला शिसारी येत नाही म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गाइडबाई त्यांना एका जुन्या घराच्या आवारात घेऊन गेल्या. विटांच्या भिंतीपाशी थांबून त्यांनी सांगितलं की या विटा गुलामांनी थापल्या. त्यात लहान मुलंही होती. ओल्या विटा उचलताना त्यांची बोटं मातीत रुतली आणि विटा भाजल्यावर ते ठसे तसेच राहिले. हे ऐकत होती एकटी इरा. शिरीष नकाशात भारतीय बुफे शोधत होता आणि साधना सावली.

इराने खाली वाकून पाहिलं. एका विटेवर चार बोटं आणि एक अंगठा होता. तिने आपला हात, न टेकवता, त्यावर धरून पाहिला.

"आई, हिची बोटं माझ्याहून छोटी आहेत," ती म्हणाली.

"हो का? छान," साधना सावलीतून म्हणाली.

मग इराने मला मागून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव फोटो, ज्याच्यासाठी मी जन्माला आलो असं मला वाटलं. त्यात कोणीही हसत नव्हतं.

सिंगापूरला परतल्यावर पुढच्या रविवारी उद्धव आणि दमयंती जेवायला आले. उद्धव शिरीषच्या बँकेतला जुना मित्र, दमयंती त्याची बायको. आमरस-पुरीचं जेवण झालं, मला वायरने टीव्हीला जोडलं आणि दोनशे बारा फोटोंचा कार्यक्रम सुरू झाला. नको ते फोटो पाहता पाहताच काढून टाकायचे आणि उरलेल्यांची सीडी पुण्याला पाठवायची, अशी शिरीषची पद्धत होती. इरा टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली होती. सोमवारी वर्गात सुट्टीबद्दल बोलायचं होतं, तेव्हा तोच फोटो दाखवीन असं तिने टीचरना सांगून ठेवलं होतं.

"नेक्स्ट माझा आहे," ती म्हणाली. भिंत पडद्यावर आली.

"हे काय रे शिरीष?" उद्धव खो खो हसला. "अमेरिकेला जाऊन भिंतीचे फोटो? आमच्या कारपार्कात आहे की भिंत!"

"चुकून दाबलं गेलं असेल," शिरीष ओशाळून म्हणाला. "माणूसच नाही यात."

"बाबा, नो लाह! दॅट वन माझा! त्यात मुलगी आहे!" इरा शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"कुठे आहे मुलगी? उगाच काहीतरी," असं म्हणत त्याचं बोट कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर गेलं.

मित्रांनो, मी विचारलं होतं. पुसू का, हो की नाही, असं मी पडद्यावर स्पष्ट विचारलं. पण तो हो म्हणाला आणि मी सांगकाम्यासारखा पुसून मोकळा झालो. कुंकवाने जाम झालेलं बटण फोटो काढताना अडायचं, पुसताना मात्र काही अडलं नाही. पाठोपाठ उद्धव-दमयंतींचा सोफ्यावरचा फोटो काढला गेला आणि तो नेमका त्या मोकळ्या झालेल्या जागेत बसला. स्वतःच्या पोटातल्या त्या फोटोची मला इतकी किळस आली की सांगता सोय नाही. इरा रडली नाही. ती उठून खोलीत गेली आणि आइस्क्रीमलाही बाहेर आली नाही.

पाहुणे गेल्यावर शिरीष तिच्या दाराशी गेला. "अगं, पुन्हा जाऊ कधीतरी. पुन्हा काढू."

"तिचा दुसरा फोटो कोणी काढलाय का?" इराने विचारलं. "तिचं नाव पण नाहीये कुठे. ओन्ली फिंगर्स. खालून बारावी वीट, कोपऱ्यापासून तिसरी."

शिरीष दारातून मागे फिरला. तो सोफ्यावर येऊन बसला आणि त्याने मला पुन्हा चालू केलं. ती भिंत दुसऱ्या एखाद्या फोटोत मागे तरी आली असेल, या आशेने तो एकेक फोटो मोठा करून पाहू लागला. चर्च, तोफ, लिलावाच्या जागेपुढे हसणारी साधना. तिथे तो जरा जास्त वेळ थांबला. अखेर ती भिंत सापडली. गाइडबाईंनी काढलेला तिघांचा फोटो होता. त्याने विटा मोजल्या, खालून बारावी, कोपऱ्यापासून तिसरी. नेमकी तीच वीट. आणि तिच्यावर ऐटीत टेकलेला त्याचा स्वतःचा पंजा.

इरा केव्हा मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

"युअर हँड सो बिग, बाबा," ती हळूच म्हणाली.

शिरीषचा चेहरा उतरला. "काढून टाकू का हा?" त्याने विचारलं.

"नको. ठेव," ती म्हणाली. "ती तुझ्या हाताखाली आहे."

तो फोटो अजून माझ्यात आहे. त्याची सीडी झाली नाही, तो कोणाला दाखवलाही नाही. नंतर घरात कॅमेऱ्याचे फोन आले आणि मी या खणात आलो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हीही जुन्या वास्तू पाहायला जाल, फोटो काढाल. खुशाल काढा. फक्त भिंतीला टेकण्याआधी हात उचला, आणि तिथे आधीपासून कोणाचा हात आहे का ते बघा.