कोऱ्या रेघेवरचा ठिपका

आमच्या भिंगरीच्या रक्तात शिसं निघालं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच एका हिरव्या कपाकडे पाहिलं.

भिंगरी म्हणजे माझी लेक, दोन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घाबरून जाण्याइतकं नाही, पण येतंय कुठून ते शोधा. जुना रंग, खेळणी, ग्लेझची भांडी." ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत चढणारा काचेसारखा थर. स्वस्तातल्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. आणि आमच्या घरात ग्लेझची भांडी करतं कोण, तर माझ्या सासूबाई. जन्मभर त्यांनी चाकावर कप आणि बरण्या केल्या. हात थरथरायला लागला तसं चाक बंद झालं. पण नातीसाठी म्हणून पुन्हा बसल्या आणि हा कप केला. कान वाकडा, बूड जाड, रंग मात्र कोवळ्या पानाचा. भिंगरी दूध पिते ते त्यातूनच. दुसऱ्या भांड्यातून दिलं तर घर डोक्यावर घेते.

मी प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात, मातीत, रंगात कुठले धातू आहेत ते शोधायचं, यावर माझं पोट. तेव्हा कपानंतर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तर मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले होते. ग्लेझ कुठून आणलंत, विचारलं होतं का कुणाला, अशी दोन-तीन वाक्यं जिभेच्या टोकावर तयारच होती. माझा स्वभावच तसा, आधी फटकारायचं आणि मग चौकशी.

"आईला काही बोलू नकोस," नवरा हळूच म्हणाला. "कप फुटला म्हणून सांगू."

"तू सांगणार? साखर चोरून खाल्लीस तरी कान लाल होतात तुझे!"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आल्या, फडक्यानं कप पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तपास. पण माझ्यासमोर तपास. शिसं निघालं तर चाक विकून टाका. पुन्हा मातीला हात लावायची नाही मी."

जिभेवरची वाक्यं मी गिळली.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सुरुवात घरीच केली. कपात व्हिनेगर भरून ठेवलं. ग्लेझमध्ये शिसं असेल तर ते आंबट द्रवात उतरतं. शिवाय त्याच बाटलीतलं व्हिनेगर दुसऱ्या एका भांड्यात नुसतंच ठेवायचं असतं. त्याला आम्ही कोरी म्हणतो. उद्या तपासणीत शिसं दिसलं तर ते कपाचं की व्हिनेगरचं, हे तिच्यावरून कळतं. प्रयोगशाळेत यासाठी काचेची भांडी असतात. घरी स्टीलचं वापरलं तर त्याचेच धातू उतरायचे, आणि काचेचा शेवटचा ग्लास भिंगरीनं आदल्या आठवड्यात निकालात काढला होता. मग मी माझ्या आईचा चिनी मातीचा वाडगा घेतला.

पांढरा वाडगा, तळाशी रंगवलेला पोपट. आई मला त्यातूनच भरवायची. घास चुकवायला लागले की म्हणायची, "गुदमरलाय गं बिचारा, काढ त्याला बाहेर." मग पोपटाला सोडवायला मी वाडगा चाटूनपुसून साफ करायची. आई गेली आणि माझ्याकडे तिचा तेवढा वाडगा उरला. आता भिंगरीला मी त्यातूनच भरवते, त्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही द्रव बाटल्यांत भरून आणि सासूबाईंना बरोबर घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. उंच स्टुलावर त्या बसल्या, पाय अधांतरी. मी द्रव आटवून थेंब-थेंब उरवले. मग पट्टी घेतली. पट्टी म्हणजे काच आणि तिच्यावर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. खालच्या बाजूला पेन्सिलीची रेघ मारून तिच्यावर बारीक नळीनं तीन थेंब टेकवले: पहिला माहितीतल्या शिशाचा, मधला कोरा, तिसरा कपाचा.

"शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे केलेस," सासूबाई म्हणाल्या.

बरणीच्या तळाशी थोडा द्रावक होता. त्यात पट्टी उभी केली, झाकण लावलं. द्रावक पट्टीतून हळूहळू वर चढायला लागला.

"आमचं ग्लेझ खाली ओघळतं, तुझं वर चढतं. सगळं उलटंच काम."

"चढताना सगळे धातू सारखे चढत नाहीत, आई. काही पावडरीला चिकटून राहतात, काही द्रावकाबरोबर पळतात. म्हणून एकमेकांपासून सुटे होतात."

"म्हणजे बाजारातून घरी येणाऱ्या बायका. एक दर दुकानाशी रेंगाळते, दुसरी तरातरा पुढे." त्यांनी माझ्याकडे तिरपं पाहिलं. "तू तरातरा."

मला हसू आलं. मग त्यांच्या मांडीकडे लक्ष गेलं. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता. अशा हातानं चाकावर कप कसा घडवला असेल, कितीदा मोडून पुन्हा केला असेल, हा विचार माझ्या डोक्यात तोवर आलाच नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"शिसं असं वेगळं निघतं ना?" त्या जरा वेळानं म्हणाल्या. "मग कपातूनही काढता येईल?"

"पट्टीवर निघतं, आई. कपातून नाही निघत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बरणीकडे बघत बसल्या. कपात शिसं नसावं असं मला तेव्हा फार वाटलं, आणि ते त्यांच्यासाठी वाटलं.

पट्टी बाहेर काढली, वाळवली, तिच्यावर फवारा मारला. या फवाऱ्यानं शिसं पिवळं होतं. पहिल्या थेंबाच्या वाटेवर लगेच पिवळाधमक ठिपका उठला. तिसऱ्या वाटेवरही काहीतरी उमटलं. स्टूल कुरकुरलं.

"आलं का गं?"

"थांबा." मी पट्टी उजेडात धरली. ठिपका फिका होता, तपकिरी, आणि वेगळ्याच उंचीवर. "हे तांबं. तुमचा हिरवा रंग, किंचितसा उतरलाय. शिसं असतं तर पहिल्यासारखं पिवळं दिसलं असतं, त्याच उंचीला. नाही आई. कपात शिसं नाही."

त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नाक पुसत पट्टीवर वाकल्या.

"आणि ही मधली?"

"ती कोरी. तिच्यात काही नसतं."

"नसतं कसं? पिवळं दिसतंय की."

मी पाहिलं. मधल्या वाटेवर, शिशाच्याच उंचीला, पिवळा ठिपका होता.

पहिल्यांदा मी व्हिनेगरला बोल लावला. पण कपातही त्याच बाटलीतलं व्हिनेगर होतं आणि कपाची वाट स्वच्छ होती. बाटली तीच, पट्टी तीच, वेगळं होतं ते फक्त भांडं. आईचा वाडगा, म्हणून त्याच्यावर मी संशयच घेतला नव्हता. पोपटाचे रंग ग्लेझच्या वरून दिलेले, जुने, झिजलेले. आणि मी त्यातून रोज, माझ्या हातानं, घास-घास करून, शेवटी पोपट खरवडून.

लोक म्हणतात ना, पोपट झाला. माझा झाला, तोही आईच्याच पोपटानं. पण हसायचं त्राण नव्हतं. मी खाली फरशीवरच बसले.

सासूबाईंना बोलायचा हक्क होता. दोन दिवस त्यांनी माझ्या डोळ्यांतला संशय सोसला होता. एक टोमणा मारला असता तर मी निमूट घेतला असता, मी तर त्याची वाटच बघत होते. त्या स्टुलावरून सांभाळून उतरल्या, माझ्या शेजारी टेकल्या आणि माझा हात हातात घेतला.

"तुझ्या आईला काय ठाऊक होतं? तिनं मायेनंच भरवलं. तूही मायेनंच भरवलंस. ऊठ, फरशी गार आहे."

मी आईसाठी रडले, ती गेली तेव्हा रडले होते त्याहून जास्त.

नंतर प्रयोगशाळेतली काचेची भांडी घेऊन सगळं पुन्हा तपासलं. उत्तर तेच. डॉक्टरीणबाईंना कळवलं, वाडगा बंद केला. कचऱ्याच्या डब्यापर्यंत तो घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. म्हणाल्या, "जेवायचं नाही त्यात. बघायला काय हरकत आहे?"

मग मागच्या खोलीतून चाकाचा आवाज यायला लागला. मधूनच थांबायचा, एखादा चरफडलेला शब्द ऐकू यायचा, पुन्हा सुरू व्हायचा. भिंगरीच्या पुढच्या तपासणीत रक्तातलं शिसं कमी झालं होतं. ते कळलं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं.

"आधी तुझ्या पट्टीवर चढव, मग पोरीच्या तोंडाला लाव. आणि कोरी मात्र काचेत ठेव हो."

एवढा टोमणा त्यांनी मारलाच. मला बरं वाटलं.

आत वाडगा होता. तळाला, ग्लेझच्या खाली, एक पोपट. थरथरत्या हातानं काढलेला, मान जाड, शेपूट फिसकटलेली.

"कोंबडी छान आलीय," नवरा म्हणाला.

"तुझ्या ताटात येऊन बसेल, मग कळेल," सासूबाई म्हणाल्या.

मी वाडगा तपासला. स्वच्छ निघाला. दुसऱ्या दिवशी त्यात भिंगरीचं जेवण वाढलं आणि तिला समोर बसवलं. चार घासांनंतर तिनं नेहमीसारखं तोंड फिरवलं. मी चमचा धरून बसले. पुढचे शब्द मला ठाऊक होते, पण ते तोंडातून निघेनात. त्या शब्दांनी मी तिला काय काय भरवलं होतं तेच आठवत राहिलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून चमचा घेतला. तो हलत होता, थोडं सांडलंही.

"गुदमरलाय गं बिचारा," त्या म्हणाल्या, अगदी माझ्या आईच्या चालीवर. "काढ त्याला बाहेर."

भिंगरीनं वाडग्यात डोकावून पाहिलं आणि आ वासला.