इसरूचं आठवं पाकीट

आधीच सांगून ठेवते, मी लबाड बाई नाही. तापट आहे, तोंडाळ आहे, उतावीळ तर इतकी की कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर मला धीर निघत नाही. पण लबाड नाही. तरीही यंदाच्या सप्टेंबरात, मूल गावातल्या एका राइस मिलच्या गोदामात, सतरा जणांसमोर उभं राहून मला कबुली द्यावी लागली. कशाची, ते सांगते.

मी ललिता. एकतीस वर्षं मूलच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी वाचते, ही माझी खोड अख्ख्या गावाला ठाऊक. आता मी 'झाडीपट्टी दूरचाल मंडळा'ची सचिव आहे. "दूरचाल म्हणजे काय वो बाई?" असं कोणी विचारलं की त्याला चहा पाजून समजावते. एका पुठ्ठ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं आखलेली, घरांना नंबर दिलेले. त्यात नदी, घाट, जंगल आणि दोन राजांच्या छावण्या. बुटांच्या खोक्यातून कापलेल्या टिकल्या म्हणजे फौजा. खेळणारे दोघं दोन गावांत, दोघांच्याही घरी तोच नकाशा. दर दुसऱ्या शनिवारपर्यंत दोघांनी आपापली चाल माझ्याकडे पाठवायची. रविवारी सकाळी मी दोन्ही चाली एकदमच मांडते, गरज पडली तर धान मोजायच्या पायलीत फासा टाकते आणि निकाल कळवते. फासा कोणी पाहत नाही. मी तीन म्हटलं की तीन. अकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही, की बाई, खरंच तीन का? याच एका गोष्टीवर मंडळ उभं आहे, आणि ती गोष्ट म्हणजे मी.

आता बाकीचे सभासद फोनवर चाल पाठवतात. एकटा इसरू नाही. त्याचा टोला, म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती, भामरागडच्याही पलीकडे, नदीपार. पावसाळ्यात पूल बुडतो, टॉवर बसतो, आणि माणूस चार महिने आपल्या धानात आणि जंगलात. पूर्वी तो आयटीआयसाठी दोन वर्षं मूलला होता, रोज संध्याकाळी माझ्या वाचनालयात येऊन बसायचा, तिथंच हा खेळ शिकला. बोलणं कमी, बघणं जास्त. त्याच्यासाठी आम्ही नियमच केला, पावसाळी पाकिटांचा. म्हणजे रस्ता बंद व्हायच्या आत इसरूनं पुढच्या आठ चाली लिहून, आठ पाकिटांत बंद करून माझ्याकडे धाडायच्या. मी दर दुसऱ्या रविवारी एकेक फोडायचं. समोरचा काय करील ते न बघता आठ चाली आधीच लिहायच्या म्हणजे हरायचीच तयारी. आजवर पावसाळ्यात इसरू नेमानं हरत आला.

यंदा तो हरेना.

समोर होता माजरीचा सुनिल. खाणीत डंपर चालवतो, आठवड्याला पाळी बदलते, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं, पण राग नाकाच्या शेंड्यावर. दोघं सहा वर्षांपासून एकमेकांशी खेळताहेत, आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. जूनमधली पहिली दोन पाकिटं ठीकठाक गेली. तिसऱ्या चालीला सुनिलनं घाटावर धडाधड हल्ला चढवला, आणि मी इसरूचं तिसरं पाकीट फोडते तो काय, घाटाच्या दोन्ही बाजूंना त्याचे धनुर्धर दबा धरून बसलेले! सुनिलची निम्मी फौज साफ. चौथ्या-पाचव्याला सुनिल सावध खेळला, तर इसरूही हळूच पुढं सरकलेला. सहाव्याला सुनिलनं पुन्हा डोळे मिटून मुसंडी मारली, पुन्हा इसरू तयार. सातवंही पाकीट असंच बसल्यावर सुनिलचा फोन आला.

"बाई, इसरू तिकडे अडकून हाय, आन् त्याची चाल माह्या चालीवर चावीवानी बसून राह्यली. काऊन?"

"तुले म्हणाचं काय हाय?"

"तुम्ही त्याले सांगून राह्यल्या."

"अबे, तिथी टॉवर लागत नाई. मी काय कावळ्याजवळ निरोप धाडून राह्यली?"

"मंग पाकिटं तुम्हीच लिहून राह्यल्या!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकतीस वर्षं मी एक पुस्तक इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, आणि हा मला चोर म्हणतो! मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी सुनिल म्हणाला, "आठवं पाकीट सभेत, सगळ्यायच्या समोर फोडा. ते बी असंच बसलं, तर तुम्ही सचिवपद सोडा."

"सोडते!" मी म्हणाले आणि फोन आपटला.

फोन आपटल्यावर डोकं थंड व्हायला मला एक चहा लागतो. चहा झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अगं ललिता, हे काय कबूल करून बसलीस तू! इसरूची चाल बसणं-न बसणं तुझ्या हातात आहे का? त्यानं मे महिन्यात लिहून ठेवलंय. ती चाल चांगली निघाली की तू लबाड, आणि वाईट निघाली की तू सज्जन. माझी सगळी अब्रू त्या पोराच्या चुकीवर टांगलेली.

मंडळाची वार्षिक सभा दर सप्टेंबरातल्या तिसऱ्या रविवारी; रजा टाकून सगळे येतात, पुरापायी इसरू तेवढा नाही. आदल्या दिवशी दुपारी भात रटरटत होता आणि ते पाकीट ओट्यावर, माझ्यासमोर. मी नुसतं पाहत होते. मग म्हटलं, आत काय आहे तेवढं पाहू. मग म्हटलं, चाल नेमकी निघालीच, तर घराचा एक नंबर बदलायचा. चौदाचा सोळा. कोणाला कळणार? म्हणजे मी प्रामाणिक आहे हे सिद्ध करायला मी लबाडी करणार होते. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

पाकीट जंगलातल्या धावड्याच्या डिंकानं चिकटवलेलं. वाफेवर धरलं, दोन मिनिटांत सुटलं. आत आणखी एक पाकीट, तेही चिकटवलेलं, आणि वर एक चिठ्ठी.

"ललिताबाई, जोहार. हे पाकीट तुम्ही आधी उघडसान, हे मले वाटलंच. पहिले सात तुम्ही वेळेच्या आधी उघडले नसान, हे बी मले माहीत हाय. पण शेवटचं पान तुम्हाले आधी पाह्यलाच लागते. आतलं पाकीट नका उघडू. सुनिलभाऊच्या हातात द्या. इसरू."

भात करपला. वास आला तेव्हा मी अजून तिथंच उभी होते. चार महिन्यांपूर्वी, अडीचशे किलोमीटरवर बसून त्या पोरानं मला ओट्याशी रंगेहात पकडलं होतं. आधी राग आला. मग हसू आलं. मग डोळ्यांत पाणी, कारण त्यानं मला पूर्ण ओळखलं होतं आणि तरीही आठही पाकिटं माझ्याचकडे ठेवली होती. आतलं पाकीट मी पदरात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि किल्ली शेजारच्या बायनाबाईकडे दिली. माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता.

रविवारी गोदामात धानाच्या पोत्यांवर मंडळी बसली. मध्ये टेबलावर नकाशा. सुनिल चार दिवसांची सुट्टी टाकून आला होता, ताजातवाना, दाढीबिढी केलेला. त्यानं आपली आठवी चाल लिहून अध्यक्ष पत्रूभाऊंच्या हातात दिलेली. पत्रूभाऊ याच मिलचे जुने मुकादम, म्हणून तर गोदाम मिळतं.

मी उभी राहिले. चिठ्ठी मोठ्यानं वाचली, अगदी 'आधी उघडसान'सकट. मग सांगितलं, "उघडलं मी. नंबर बी बदलवणार होती. आतलं नाई उघडलं, मानायचं तर माना." मंडळाचा शिक्का पत्रूभाऊंपुढे ठेवला आणि पाकीट सुनिलच्या हातात दिलं. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

सुनिलनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, फोडलं, आणि वाचायला लागला. अगदी मोठ्यानं.

"सुनिलभाऊ, जोहार. बाईवर चिडू नका. तुमच्या सहा वर्षाच्या चाली मी तारखेसंग लिहून ठेवल्या हायेत. दर तिसरी चाल तुम्ही रात पाळीच्या हप्त्यात करता. त्या हप्त्यात तुम्ही झोपत नाई, चिडता, आन् घाटावर धावून जाता. मी पाळ्या मोजून सात चाली लिहिल्या. आठव्या चालीले तुम्ही सुट्टीवर राहसान, मूलले. झोप झालेला सुनिलभाऊ कसा खेळते, हे मी कधी पाह्यलंच नाई. म्हणून माही आठवी चाल तुम्हीच करा. तब्येत सांभाळा. इसरू."

सुनिल खाली बसला. "घरी बी कोणाच्या ध्यानात नाई आलं हे," एवढंच म्हणाला.

मग पत्रूभाऊंनी सुनिलची चाल उघडून मांडली. बापरे, काय चाल होती! घाट सोडून नदीच्या अंगानं सगळी फौज पुढं, दोन वेळा मात खाल्लेल्या माणसाची वाटूच नये अशी. इसरूचा किल्ला पुढच्या चालीत पडणार हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. फक्त एक होतं. त्यासाठी सुनिलनं स्वतःची छावणी रिकामी सोडली होती. इसरूचं घोडदळ जंगलातून घुसलं, आणि जंगल पार करायला फाशात चारच्या वर पडलं, तर खेळ तिथंच खलास. ही फट कोणाला दिसण्यासारखी नव्हती. लपवली होती त्यानंच, त्यामुळे माहीत होती ती त्यालाच.

सुनिलनं इसरूचं घोडदळ उचललं. धरून बसला.

पत्रूभाऊ हळूच म्हणाले, "अबे सुनिल, दुसरीकडे ठेव न. कोण पाहून राह्यलं?"

"इसरू पाहून राह्यला न, भाऊ," सुनिल म्हणाला, आणि त्यानं घोडदळ नेऊन नेमकं जंगलात ठेवलं.

मग त्यानं फासा उचलून माझ्यापुढे धरला. "टाका, बाई."

"मी नाई टाकत. मी सचिव नाई आता."

"टाका म्हटलं न! अकरा वर्षांपासून तुमचाच हात हाय. आता काऊन नखरे करून राह्यल्या?"

मी फासा पायलीत टाकला. खळखळला, थांबला. सगळे उठून पाहायला निघाले तर सुनिलनं हात आडवा केला. "कोणी पाहाचं नाई. बाई सांगतील."

मी वाकले. पाच होते.

"पाच," मी म्हणाले.

"मंग पाच," सुनिल म्हणाला, आणि आपली छावणी आपल्याच हातानं उचलून टेबलाखाली ठेवली. पत्रूभाऊंनी शिक्का माझ्याकडे सरकवला. आठवं पाकीट मात्र यापुढे त्यांच्या घरी राहील, असा ठराव झाला. एकमतानं! मीसुद्धा हात वर केला.

जेवणं झाली. मी इसरूला निकाल लिहायला बसले, तर सुनिल हात धुऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाई, कागद राहू द्या," तो म्हणाला. "भामरागडची गाडी इथून किती वाजता सुटते?"

"पूल उघडा झाला की सांगते," मी म्हणाले.