बोराच्या काट्या

गोकुळाने तिसऱ्यांदा काठी फेकली तेव्हा कुत्री पांगली. पण बांबूच्या तट्ट्यावर वाळत घातलेली मासोळी तोवर निम्मी झाली होती. बोराच्या काट्यांच्या कुंपणाखालून माती उकरून चार कुत्री आत शिरली होती. आणि पलीकडे तिची धाकटी जाऊ कुंता. तिला ना कुंपण, ना काठी. उघड्या आंगणात तिची मासोळी निवांत वाळत होती.

"तिच्या घरी एक कुत्रं जात नाई. माह्याच घरी काऊन मरून राह्यले?"

ओसरीवर सासू सुगंधाबाई तंबाखू मळत होती. "कुत्र्याले थोरली-धाकटी नाई समजत. त्याले वास समजते."

"म्हंजे तिच्या मासोळीले वास नाई?"

"हाये ना. मी खाल्ली. बेस होती."

म्हातारी सहज बोलली की मुद्दाम, कोण जाणे. गोकुळाला झोंबले मात्र.

मागच्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेहून तिची पोरगी बुधरी सासरी निघाली, तेव्हाही कुत्र्यांनी असाच घात केला होता. सोबत द्यायची सुकी मासोळी कुंताकडून आणावी लागली. मग वर्षभरात तीनदा बुधरीच्या सासूचा निरोप आला: काकूच्या हातची मासोळी लय बेस. जत्रा पुन्हा आठ दिवसांवर आली होती. यंदा टोपली आपल्याच घरची जायला पाहिजे, एवढेच गोकुळाच्या डोक्यात होते.

मालगुजारी गेली, तलावावरचा मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा हिस्सा बंद झाला, आणि ज्याच्या जाळ्यात येईल ती मासोळी त्याची झाली. गावच्या साऱ्या ढिवरणी, मासे धरणाऱ्यांच्या बायका, तलावाच्या पाळीवरच्या दगडावर बसून मासोळी साफ करत. गोकुळा तेव्हापासून तिथे बसत नसे. टोपलीवर पदर टाकून घरी येई, दार लावून धुई आणि पाणी आंगणातल्या लिंबाखाली ओती. नवऱ्याच्या, केवळरामच्या जाळ्यात किती आले, हे कुंताच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने तट्टा रिकामाच ठेवला आणि दाराआड बसून राहिली. कुत्री आली. तट्ट्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. थेट लिंबाखाली गेली आणि माती चाटू लागली. गोकुळाने त्यांना हाकलले, तिथली मूठभर माती उचलून नाकाशी नेली. वर्षावर्षाचे मासोळीचे पाणी तिथे मुरले होते.

"आत्याबाई, तुमाले हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू दार लावून धूत होती. लावल्या दाराले का सांगावं?"

गोकुळाने हातभर माती खणून बाहेर टाकली, वर शेणाचा सडा घातला. आणि तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन दगडावर जाऊन बसली. पदर काढला. नेमकी त्या दिवशी केवळरामला टोपली भरून मासोळी लागली होती. कुंताचा हात मध्येच थांबला.

"लय लागली व बाई, भाऊजीले."

"लागते कधी कधी."

कुंताच्या टोपलीत तळ दिसत होता. तिने हळूच पदर पुढे ओढून तो झाकला. गोकुळाने पाहिले, आणि बऱ्याच दिवसांनी तिला पोटभर जेवण गेले.

मासोळी वाळली. कुत्री आली, हुंगून निघून गेली. चार दिवसांनी टोपली बांधून उंबऱ्याशी ठेवली, आणि पलीकडून हाड-हाड ऐकू आली. कुंता काठी घेऊन आंगणभर धावत होती. टोपलीचा तळ झाकला त्या दिवसापासून ती दगडावर दिसलीच नव्हती. तिच्या दाराजवळची माती ओली होती आणि उन्हात खवले चमकत होते.

"बाई," कुंता धापा टाकत म्हणाली, "तुमी कुत्रे कसे हाकलले व?"

खरे काय ते गोकुळाच्या ओठावर आले होते. ओसरीवर म्हातारीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"बोराच्या काट्यानं," गोकुळा म्हणाली. आणि आपल्या कुंपणातल्या काट्या एकेक उपसून जावेच्या हातात देऊ लागली. "घे. मले आता नाई लागत."

एक काटा बोटात खोल शिरला. तो तिला संध्याकाळी दिसला.