वर्षभरासाठी गप्प बसवलेला बौरान

मी बौरान बोलतोय. आयर्लंडमधल्या केरीच्या पश्चिम टोकाला, गोबनेटबाईंच्या घरातला बकरीच्या कातड्याचा डफ. ऐका एकदाचं, कारण ऑक्टोबरपासून मला कुणी बोलूच दिलेलं नाही.

त्यांच्या थोरल्यानं, डोनकानं, मला स्वतः मढवलं. तो ट्रॅक्टरखाली गेला आणि मी खिळ्यावर गेलो. माणूस गेलेल्या घरात वर्षभर वाद्य वाजवायचं नाही, ही इथली रीत.

गप्प बसवलं ते बसवलं, वर माझ्यासमोर माझ्याच नावाचा कीस! भेटायला आलेले मास्तर चहा ढवळत म्हणाले, "आयरिशमध्ये 'बौर' म्हणजे बहिरा, बद्द. बद्द आवाजाचा तो बौरान."

"काहीतरीच! माझी आजी धान्य पाखडायच्या कातडी सुपाला बौरान म्हणायची," गोबनेटबाई म्हणाल्या.

"शब्द पुल्लिंगी बरं का," मास्तर पुढे म्हणाले, "आयरिशमध्ये. अनेक झाले की शेवटचा 'न' मऊ होतो. 'माझा' म्हटलं की सुरुवातीच्या 'ब'चा 'व', 'आमचा' म्हटलं की 'म'."

"आणि 'डोनकाचा' म्हटलं की काय होतं, मास्तर?" धाकट्या फिनाननं विचारलं.

मास्तर टोपी घेऊन उठले.

अरे, दमट हवेनं माझं कातडं लोंबतंय, ते बघा की कुणीतरी!

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, इथल्या प्रथेप्रमाणे, गवताचे मुखवटे घातलेली पोरं दारोदार डफ वाजवत आली. आमच्या कुंपणाशी येताच सगळी चिडीचूप. मुखवटे काढून, मान खाली घालून पुढे चालली. दरवर्षी त्यांच्या पुढे डोनका असायचा. फिनानला ते सोसवेना. त्यानं मला ओरबाडून उतरवलं आणि कातडं ताणायला चुलीच्या जाळाशी धरलं. किती जवळ, काही सुमार! कातडं टर्रकन फाटलं.

"गाढवा! भाऊ गेला, आता त्याचं हेही घालवलंस?"

"मग काय करू, आई? बघ ना, कसे मुकाट चाललेत. जणू तो कधी नव्हताच!"

गोबनेटबाईंनी मला हिसकावून घेतलं, दार उघडलं आणि डोनकाची वाजवायची काठी माझ्या लाकडी कडेवर हाणली. टक. टकटक. ताल साफ चुकत होता.

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत," त्या म्हणाल्या.

रस्त्यावरची पावलं थांबली. मग एकेक डफ वाजू लागला.

मी अजून फाटकाच आहे. नवं कातडं घातलं तर डफ जुना म्हणायचा की नवा, यावर आता वाद चाललाय. म्हणा हवं ते! आधी मला मढवा. फिनानलाच मढवू द्या. खिळे वाकवेल, वाकवू द्या. पहिला ठोकाही त्यालाच मारू द्या. त्यासाठी ऑक्टोबरची वाट बघू नका. रीत मोडायची ती आईनंच मोडली आहे.