पोतडी कोणाची?

वहिनींना ऑफिसात सगळेच वहिनी म्हणायचे. त्यांचा धाकटा दीर तिथेच कामाला होता, तो मारायचा तीच हाक पुढे रूढ झाली. त्याला तिथे चिकटवलं होतं वहिनींनीच. त्याआधी जेवणाच्या टेबलावर रोज बसवून वेबसाइट कशी बांधतात ते शिकवलं होतं, हातचं काहीही राखून न ठेवता. भाऊजी हुशार होते, पण भलते धांदरट. एका स्वल्पविरामापायी अख्खं पान पांढरं करून बसायचे आणि मग, "वहिनी, बघ ना गं!"

ऑफिसात टीमची एक सामायिक जागा होती, तिला म्हणायचे पोतडी. कोडचा एखादा कामाचा तुकडा हाती लागला की तिथे टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या, कशाला लागतो, कुठे दगा देतो. सुरू केली वहिनींनी आणि भरलीही जवळजवळ एकट्या वहिनींनीच. बाकीचे घ्यायला पुढे, द्यायला मागे. त्यांच्या टिपा वाचून नवी मंडळी हसत हसत शिकायची. 'तारीख दाखवणारा हा तुकडा दिसायला गरीब आहे, पण लांबच्या देशातल्या ग्राहकाला आदल्या दिवसाची तारीख दाखवतो. मी तोंडावर आपटले आहे, तुम्ही आपटू नका.' प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव दिसायचं. मिरवायला नव्हे हो, अडलं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आता रजा कोणी घ्यायची? घरात दोन धडधाकट मुलगे असताना घेतली सुनेने, वर कोणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वहिनींनी कुरकुर केली नाही. निघताना मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, "निर्धास्त जा. टीम लीडची जागा निघतेय, ती तुमचीच." एवढ्या एका वाक्यावर त्यांनी हॉस्पिटलातले ते सगळे दिवस काढले.

सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या तेव्हा वहिनी कामावर परतल्या. तोवर मोठे साहेब दुसरीकडे गेले होते आणि त्यांच्या खुर्चीवर नव्या मॅडम होत्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"लीडची जागा तुमच्या दिराला द्यायचं ठरतंय, या आठवड्यात जाहीर करू," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला तर अभिमानच वाटेल. सगळी टीम ज्या पोतडीवर चालते ती त्यांनीच उभी केली ना."

"त्यांनी?"

"म्हणजे काय! प्रत्येक ओळीपुढे नाव आहे की त्यांचं."

वहिनी जागेवर येऊन बसल्या आणि त्यांनी पोतडी उघडली. तारखेची टीप, तोंडावर आपटल्याची ओळ, सगळं जसंच्या तसं होतं आणि शेजारी नाव दिराचं. आपटलं कोण आणि नाव कोणाचं! पण मग तारखा दिसल्या. सगळ्या ओळींची तारीख एकच. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या चक्क हसल्या. त्यांच्या रजेत पोतडी जुन्या जागेवरून नव्या जागी हलवताना या शहाण्याने नुसत्या फायली उचलून टाकल्या होत्या. कोणी केव्हा काय लिहिलं तो इतिहास मागेच राहिला आणि टाकणाऱ्याचं नाव सगळ्या ओळींना चिकटलं. या धंद्यात नवशिका हमखास करतो ती ही चूक.

"वेंधळा कुठला!" त्या पुटपुटल्या. लगेच उठून मॅडमना सांगता आलं असतं. पण चारचौघांत दिराचं हसं कशाला करायचं? घरच्या लॅपटॉपवर जुन्या पोतडीची प्रत होती, अगदी पहिल्या ओळीपासूनच्या इतिहासासकट. भाऊजींकडूनच दुरुस्त करून घेऊ आणि उद्या तेच मॅडमना सांगतील, म्हणजे त्यांचीही अब्रू राहील. बघा, अशी ही बाई.

संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसले तेव्हा वहिनींनी ताटांशेजारीच लॅपटॉप मांडला. "भाऊजी, काय हा घोळ! इतिहास न घेता कोणी पोतडी हलवतं का? थांबा, माझ्याकडे सगळं आहे. आत्ता चढवते."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "राहू दे ना, वहिनी."

"लाजताय काय? चुकतं माणूस."

"राहू दे म्हणतो ना."

पण वहिनींची बोटं तोवर चालून गेली होती. पडद्यावर एकच ओळ उमटली. या ठिकाणी लिहिण्याची तुम्हाला परवानगी नाही.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. इतिहास विसरला, ठीक, ती चूक. पण परवानगी अशी चुकून जात नाही. आधी लिहिणाऱ्यांच्या यादीतून ते नाव शोधावं लागतं. मग काढा म्हणावं लागतं. मग ते यंत्रसुद्धा विचारतं, नक्की काढायचं? आणि माणसाला हो म्हणावं लागतं.

"तुम्ही हो म्हणालात, भाऊजी," वहिनींचा आवाज चिरकला. "मी तुमच्या आईचं अंग पुसत होते हो तेव्हा!"

"आधी चुकूनच झालं गं, शप्पथ. मग मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत का, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. वाटलं, तू काही आता परत येत नाहीस."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बोट फिरवत होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, जागा घरातच राहतेय ना," तो म्हणाला. "परक्याला थोडीच गेली?"

केसाने गळा कापला होता, आणि तोही दोघांनी मिळून. वहिनींना रडू फुटलं, रागही असा आला की समोरचं ताट भिरकावून द्यावं. त्यांनी डोळे पुसले आणि मॅडमना फोन लावला.

"वहिनी, पाया पडतो, नको," भाऊजी उठून उभे राहिले.

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली, "माझी गोळी आणा गं कोणीतरी." भाऊजी तोंड लपवायला जागा मिळाल्यासारखे आत पळाले आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेऊन दारात आले. "यातली कोणती?"

पलीकडून मॅडम 'हॅलो' म्हणाल्या होत्या. वहिनींनी फोनवर हात धरला. म्हातारीने त्यांचं काय वाकडं केलं होतं?

"पांढरी. अर्धीच द्या, आणि पाणी कोमट."

मग त्यांनी हात काढला. "मॅडम, पोतडी माझी आहे, पुरावा घेऊन सकाळी येते. ती चोरीला गेली होती. चोर इथे माझ्या घरातच आहे, आईला गोळी देतोय."